पोटात आवाज आहेत, अशी नोंद

प्रथम घटनाक्रम देतो आणि प्रत्येक घटनेपुढे माझ्या मते जबाबदार कोण, तेही लिहितो.

श्रावणातील एक सोमवार, औसा. जेवणानंतर अर्ध्या तासाने बेंबीभोवती कळ. कोणालाही सांगितले नाही. जबाबदार : मी.

श्रावण ते पौष, औसा. प्रत्येक जेवणानंतर तीच कळ, पुढे जेवणाचीच भीती, अकरा किलो वजन कमी. ही भीती मी उपवासांच्या आड लपविली. जबाबदार : मी. दुय्यम जबाबदार : माझे औशाचे डॉक्टर, ज्यांनी घटलेल्या वजनाबद्दल माझे अभिनंदन केले.

माघातील रविवार, दुपार, मुदखेड. मुलीच्या नव्या घराची वास्तुशांत. आग्रहाखातर पोटभर जेवण आणि लगोलग असह्य कळ. जबाबदार : कोणीही नाही. आग्रह हा गुन्हा नव्हे.

त्याच रविवारी सायंकाळी, नांदेड. एका खासगी रुग्णालयात दाखल. निदान : गॅस. जबाबदार : निदान करणारे डॉक्टर आणि मी, समसमान. माझा वाटा पुढे कबूल केला आहे.

सोमवार, सकाळी साडेदहा, नांदेड. ‘प्रकृती समाधानकारक’ असा शेरा मारून मला घरी पाठविले. जबाबदार : उपरोक्त रुग्णालय, पूर्णतः.

सोमवार, दुपार, लातूर. पोट उघडले. येथे जबाबदार कोणी नाही. येथे मी ऋणी आहे.

माझी उभी नोकरी तालुका न्यायालयांत शिरस्तेदार म्हणून झाली. खटल्याचे कागद क्रमाने लावून त्यांची मिसल तयार करणे आणि कोणता कागद कोणत्या कागदाशी खोटे बोलतो आहे ते ओळखणे, एवढेच मला येते. आजारपणाविषयी लिहिण्याची दुसरी पद्धत मला ठाऊक नाही. ज्यांना जेवणानंतर माझ्यासारखेच दुखते आणि जे माझ्यासारखेच गप्प बसले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. माझा राग अजून उतरलेला नाही, हे मी लपवीत नाही.

सोयीचे उपास

शनिवारचा उपास माझा जुना होता. भाद्रपदात त्यात गुरुवार आला, आश्विनात सोमवार, मग एकादशी, संकष्टी, प्रदोष. दिवाळीनंतर आठवड्यातले जेमतेम तीन दिवस मला जेवावे लागत असे आणि त्या तीन दिवसांची मला आदल्या संध्याकाळपासून धास्ती असे. उपासाच्या दिवशी चार चमचे भगर खाऊन ताट सारले, तरी घरात कोणी हटकत नाही. उलट मान मिळतो. पत्नी कमल शेजारणींना सांगत असे की आमचे हे आता विरक्त झाले. मला एकट्याला गाठून मात्र ती म्हणाली,

“आहो, देवालाबी वाटत आसंल, ह्या मानसाला एकाएकी एवढं काय मागायचंय?”

मी हसलो. खरे सांगितले नाही. मी जेवणाला भितो, हे वाक्य प्रौढ पुरुषाने उच्चारण्याजोगे मला वाटत नव्हते.

औशाच्या डॉक्टरांकडे मधुमेहासाठी जातच होतो. पोटाबद्दल मी “जरा गुबारा धरतो” एवढेच म्हणालो. त्यांनी गॅसची गोळी लिहून दिली, काट्यावर उभे केले आणि म्हणाले, “वा, शिरस्तेदारसाहेब! वजन उतरलं, साखर उतरली. असंच चालू द्या.” मी चालू दिले.

पुढे लातूरला कळले ते थोडक्यात सांगतो. हृदयाची नळी जशी आतून अरुंद होते तशी आतड्याला रक्त पुरविणारी नळीही होते. तीस वर्षे मी रोज सिगारेटचे एक पाकीट ओढले होते. त्याची ही पावती. जेवण पोटात गेले की आतड्याला जास्त रक्त लागते, ते मिळत नाही, म्हणून ते कळवळते. रिकामे असले की गप्प राहते. म्हणून उपासाच्या दिवशी मला बरे वाटे आणि देव पावतो आहे असे घरच्यांना वाटे. आपल्यापैकी कोणाला जेवल्यावर नेमाने दुखत असेल आणि ताट पुढे आले की पोटात गोळा येत असेल, तर कृपा करून वार धरू नका. डॉक्टरांपुढे बसून “मी जेवायला भितो” हेच शब्द वापरा. गुबारा म्हणू नका.

रविवारचा उपास माझ्याकडे नव्हता

मुदखेडला माझी मुलगी अर्चना दिलेली आहे. तिच्या नव्या घराची वास्तुशांत रविवारी होती. औशाहून मी आणि कमल भाड्याची जीप करून गेलो. वाटेत माझा धाकटा भाऊ माणिक यालाही घेतले. माणिक शिरूर अनंतपाळजवळ शेती करतो, म्हशी सांभाळतो.

पंगतीत मी भात-वरणावर भागवू पाहत होतो. विहीणबाई, म्हणजे अर्चनाच्या सासूबाई, पुरणपोळीचे ताट घेऊन समोर उभ्या राहिल्या.

“रावसाहेब, आज वार कोन्ता हाय?”

“रविवार.”

“मंग रविवारचा कोन्ता देव तुमास्नी उपाशी ठिवतो ते सांगा. त्येचंबी नाव ऐकू द्या आमाला.”

अख्खी पंगत हसली. लेकीचे घर, लेकीची सासू. मी तीन पोळ्या खाल्ल्या, वर तूप. हात धुवून उठेपर्यंत कळ सुरू झाली होती. आतापर्यंतची कळ तासाभराने उतरत असे. ही चढत गेली. घरामागच्या पाण्याच्या टाकीला कपाळ लावून मी उभा होतो. उलटी झाली, दोनदा संडासला धावावे लागले, कपडे घामाने भिजले. जावई विजयराव यांनी मला गाडीत घातले आणि थेट नांदेडला आपल्या मावसभावाच्या रुग्णालयात नेले. हे नाते ध्यानात ठेवावे. पुढचा सगळा गुंता त्यातून झाला.

डॉक्टर तरुण, अदबशीर. त्यांनी माझ्या पोटाला नळी लावली, ऐकले आणि म्हणाले, “मामा, पोट तर जोरात बोलतंय तुमचं. पुरणाचा गॅस आहे.” ही तपासणी त्यांनी खरोखर केली, हे मी मान्य करतो. पोट दाबून पाहिले, ते मऊ होते. मग विचारले, दहापैकी किती दुखते?

आता माझा गुन्हा. मी हयातभर साक्षीदारांच्या जबान्या ऐकल्या आहेत. जो साक्षीदार वाढवून सांगतो त्याची साक्ष पडते, हे माझ्या अंगात भिनले आहे. मरणाचे दुखत होते, परंतु दहा म्हणजे माणूस बेशुद्ध असेल, आठ-नऊ म्हणजे ओरडत असेल, आणि मी तर बसून उत्तर देतो आहे, असा हिशेब करून मी म्हणालो, “चार.”

कमल उसळली. “आहो, चार काय सांगून राहिले! टाकीला डोकं आपटत व्हता की आत्ता!”

“तुला विचारले आहे का?” असे मी तिला दरडावले. कागदावर ‘चार’ लिहिले गेले.

लातूरच्या डॉक्टरबाईंनी नंतर मला सांगितले की या आजाराची ओळखच ही आहे : दुखणे भयंकर आणि पोट दाबावे तर मऊ. मी दुखणे चारावर आणून ठेवले आणि ती ओळखच पुसून टाकली. त्या डॉक्टरांच्या चुकीत माझा निम्मा वाटा आहे तो येथे. परंतु फक्त येथे.

सलाईन लावले, इंजेक्शन दिले. सोनोग्राफीत वायूमुळे नीट दिसत नाही असे म्हणाले. पहाटे केव्हातरी दुखणे थांबले. उतरत उतरत नव्हे, एकदम. मी देवाचे आभार मानले, डॉक्टरांचे मानले, विहीणबाईंना फोन करून पुरणपोळीची तारीफही केली. पोट तेवढे फुगलेले आणि जड वाटत होते. सकाळी एक सिस्टर रक्तदाब पाहून गेल्या. दुसरे कोणी आले नाही. माणिक मुदखेडहून जीप घेऊन आला होता. साडेदहाला कमलने रजिस्टरवर सही केली आणि आम्ही निघालो.

अहमदपूरच्या अलीकडे

जीप चहासाठी थांबली. माणिकने कप पुढे केला, मी नको म्हणालो. तो माझ्याकडे पाहतच राहिला.

“अण्णा, सदरा वर करा.”

“कशाला?”

“करा तर.”

त्याने डाव्या कुशीवर मूठ दाबून धरली. म्हैस सुस्तावली की तो हेच करतो. निरोगी जनावराचे पोट आतून मुठीला ढकलते, तेवढ्यावरून त्याला समजते. मग तो वाकला आणि चहाच्या टपरीवरच्या सगळ्या गिऱ्हाइकांदेखत त्याने माझ्या पोटाला कान लावला. ड्रायव्हरला इंजिन बंद करायला लावले. पुन्हा कान लावला. मला लाज वाटत होती.

“कायच न्हाई वो.”

“काय काही नाही?”

“आवाज. लई गप हाय. रवंथ थांबल्यागत.”

“माणिक, मी म्हैस नाही.”

“म्हैस असता तर आतापस्तोर डाक्टर आला असता.”

मी खिशातून डिस्चार्ज कार्ड काढले आणि त्याच्या तोंडापुढे धरले. “वाच. प्रकृती समाधानकारक. खाली सही आहे, शिक्का आहे. तुला जास्त समजते?”

“कागुद बोलून राहिलाय अण्णा. पोट न्हाई.”

मी त्याला पुष्कळ बोललो. शाळा सोडल्याचे काढले, पाच म्हशींवर वैद्यकी करतोस काय असे म्हणालो. तो खाली मान घालून ऐकत होता, पण हात माझ्या पोटावरून काढत नव्हता. शेवटी कमल ड्रायव्हरला म्हणाली, “भाऊ, गाडी औशाला न्हाई जायची. लातूरला दवाखान्याफुडं थांबवा. ह्यांचं ऐकू नगा.” लग्नाला एवढी वर्षे झाली, माझे ऐकू नका असे तिने परक्या माणसाला कधी सांगितले नव्हते.

वीज

लातूरच्या शल्यचिकित्सक बाईंनी पोटावर चार ठिकाणी नळी ठेवली. प्रत्येक ठिकाणी त्या थांबल्या; बोलल्या नाहीत, फोन वाजला तो घेतला नाही. मग विचारले, “पोट बंद आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं?”

“म्या,” माणिक म्हणाला. “म्हशी हायत माझ्या.”

“बरोबर ओळखलंत.”

शिरेतून औषध सोडून स्कॅन केला. आतड्याच्या मुख्य नळीत, आधीच अरुंद झालेल्या जागी, रक्ताची गुठळी बसली होती. बाईंनी पाच मिनिटांत जे सांगितले ते मला समजले तसे लिहितो. शास्त्राची चूक असेल तर ती माझी.

आतड्याला स्वतःची वीज असते. मेंदूने सांगो वा न सांगो, त्याच्या भिंतीत ठरावीक तालाने विजेच्या बारीक लाटा उठत असतात आणि त्या तालावर आतडे आकसते, अन्न पुढे सरकते. आपण ऐकतो तो गुडगुडाट त्याचाच. रक्त तुटले की आतडे आधी चवताळते. रविवारी माझे पोट जोरात बोलत होते ते त्यामुळे. मग लाटा मंद होतात, त्यांचा ताल चुकतो आणि शेवटी त्या उठेनाशा होतात. त्या सुमारास दुखणेही काही वेळ थांबू शकते. रोग्याला वाटते बरे झालो.

“म्हणजे माझे आतडे मेले आहे?” मी विचारले.

“अजून सगळं नाही, असं मला वाटतं. आधी ते गप्प होतं, मग मरतं. या दोन्हीच्या मधले काही तास, तेवढेच आमच्या हातात असतात. तुमचे त्यातले किती गेले ते पोट उघडल्यावर कळेल.”

माणिक इतका वेळ कपाळाला आठ्या घालून ऐकत होता. “म्हंजे सिंगल फेज,” तो म्हणाला. “थ्री फेज गेली की मोटार नुस्ती घुमती, पानी चढत न्हाई. आन तशीच चालू ठिवली तर जळती.”

बाई पहिल्यांदा हसल्या. “तसंच समजा काका. थ्री फेज आणायला चाललेय.”

संमतिपत्र पुढे आले. मी चष्मा मागितला. बाई म्हणाल्या, “वाचा, तुमचा हक्क आहे. पण दोन मिनिटांत.” मी न वाचता सही केली. माझ्या आयुष्यातला असा तो पहिला कागद.

गुठळी काढली, नळी मोकळी केली. सुमारे दोन हात आतडे काळे पडले होते, ते कापावे लागले. आणखी बरेचसे जांभळे होते. ते जगेल की मरेल हे त्याच वेळी सांगता येत नव्हते. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा पोट उघडून पाहायचे ठरले. त्या मधल्या दिवसाबद्दल मला फार लिहिता येणार नाही. कमल पलंगाच्या लोखंडी दांड्याला धरून बसली होती आणि मी तिच्याकडे पाहून ‘चार’ म्हटल्याबद्दल माफी मागावी असे ठरवीत होतो. नाकात नळी होती, शब्द फुटत नव्हता. दुसऱ्यांदा उघडल्यावर बाईंना जांभळे आतडे बरेचसे गुलाबी झालेले दिसले. चिमट्याने डिवचले तर आकसले. त्यांनी बाहेर येऊन सांगितले, “हललं.” कमल म्हणते, एवढा लहान शब्द ऐकून ती जमिनीवर बसली.

पास, नापास

पुढचे दिवस एकाच प्रश्नाचे होते. रोज सकाळी सिस्टर येत आणि मोठ्याने विचारत, “काका, पास झालात का?” पहिल्या दिवशी मला वाटले कसली परीक्षा. मग कळले, वारा सरला का, असे विचारायचे आहे. न्यायालयात ज्या माणसापुढे वकील आवाज खाली करून बोलत, त्याच्या वाऱ्याची चौकशी आता वॉर्डातले बारा रोगी, त्यांचे नातेवाईक आणि झाडूवाल्या मावशीही करीत.

“नापास,” मी म्हणे.

“होईल हो. एटीकेटी मिळते इथे,” शेजारच्या खाटेवरचे गुरुजी म्हणत.

पाणीसुद्धा बंद होते. ओठांना ओला बोळा लावीत तेवढाच. चिडचिड मी कमलवर काढली, माणिकवर काढली, उशी उंच ठेवली म्हणून अर्चनाला रडवले. आजाऱ्याला क्षमा असते असे म्हणतात. मी तिचा गैरफायदा घेतला.

परंतु एक गोष्ट मी रोज पाहत होतो. त्या सिस्टर प्रश्न विचारून झाल्यावर पोटावर नळी ठेवीत, डोळे मिटीत आणि घड्याळाचा काटा पूर्ण फिरेपर्यंत उभ्या राहत. मग वेळ घालून लिहीत : आवाज नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच वेळ, पुन्हा तेच : आवाज नाहीत. नसलेली गोष्ट ‘नाही’ म्हणून लिहायलाही मिनिटभर उभे राहावे लागते, हे मी तेथे शिकलो.

पाचव्या दिवशी त्यांनी डोळे उघडले. “आला! काकू, या इकडे.” त्यांनी नळी कमलच्या कानात घातली. ती वाकून ऐकत राहिली. “आगं माय,” ती म्हणाली, “चुलीवर आधन ठिवल्यावानी.” संध्याकाळी मी पास झालो. गुरुजींनी टाळ्या वाजवल्या आणि वॉर्डाने साथ दिली. त्या क्षणी मला लाज वाटली नाही.

मिसल

औशाला परतल्यावर मी नांदेडच्या रुग्णालयाला पत्र लिहिले. उपचाराची कागदपत्रे मागणे हा रोग्याचा हक्क आहे. पहिल्या पत्राला उत्तर नाही. दुसऱ्याला तोंडी निरोप, कागद सापडत नाहीत. तिसरे पत्र कायद्याच्या भाषेत लिहिले, कागद सापडले.

त्यात माझ्या पोटाच्या चार नोंदी आहेत. रविवार सायंकाळ, रविवार रात्र, सोमवार पहाट आणि सोमवार सकाळी साडेअकरा. चारही इंग्रजीत आणि शब्दशः एक : पोट मऊ, आवाज आहेत. पहिल्या नोंदीत ‘अ‍ॅब्डोमेन’ या शब्दातले एक अक्षर गळले आहे. उरलेल्या तिन्हींत तेच अक्षर गळले आहे. एका बैठकीत लिहिलेले पंचनामे मी शेकड्यांनी पाहिले आहेत. पंच निरनिराळे, जागा निराळ्या आणि चूक एकच. मला भिंग लागले नाही.

शेवटची नोंद पुन्हा पाहावी. साडेदहाला कमलची सही त्याच रुग्णालयाच्या रजिस्टरवर आहे. साडेअकराला आम्ही वाटेवरचे लोहा गाव मागे टाकले होते. माझे पोट माझ्याबरोबर जीपमध्ये होते.

मी ही गोष्ट पत्रात मांडताच ते डॉक्टर फळे घेऊन औशाला आले. “मामा, काही चुकलं असेल तर माफ करा. बोलून मिटवू. लेखी कशाला?” त्यांनी पायाला हात लावला. मी विचारले, सोमवारी सकाळी माझ्या पोटाला नळी कोणी लावली? ते म्हणाले, “रुटीन असतं मामा ते. कागद पूर्ण करावे लागतात.” आठवड्याने रुग्णालयाचे लेखी उत्तर आले : रुग्णाची तपासणी वेळच्या वेळी झालेली असून तशा नोंदी उपलब्ध आहेत.

ज्या नोंदींबद्दल मी विचारले, त्याच पुरावा म्हणून माझ्यापुढे ठेवल्या.

मग अर्चनाचा फोन आला. “बाबा, बस करा. मला ह्याच घरात राहायचंय. हे घरी आले की बोलत नाहीत. सासूबाई तर जेवायच्या बंद झाल्यात. त्यांना वाटतंय, त्यांच्याच पोळीनं तुमाला मारलं असतं.”

हे मला ठाऊक नव्हते. मी महिनाभर एकही पत्र लिहिले नाही. रागाने झोप जात असे, तरी लिहिले नाही. लेकीच्या संसारापेक्षा माझी मिसल मोठी नाही. नंतर मी मुदखेडला गेलो, विहीणबाईंपुढे बसलो आणि त्यांना सहा महिन्यांच्या उपासांची खरी हकीकत सांगितली. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, “म्हंजे लबाडी तुमची, आन झोप माझी गेली व्हय रावसाहेब?” विजयराव दारात उभे होते. त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः मला स्टेशनवर सोडले आणि गाडी सुटताना म्हणाले, “माझ्या भावानं ऐकलं नसेल, तर ऐकलं नाही असं त्यानं म्हणायला पाहिजे.”

अर्चनाने परवानगी दिली ती अटीवर. “लिहा. पण आधी तुमचं लिहा. उपास करून आम्हाला फसवलं ते सुरुवातीलाच घाला. आन सासूबाईंना निर्दोष सोडा.” तिच्या अटी मी पाळल्या आहेत. आरंभीचा क्रम तिने वाचून मंजूर केला आहे.

मागणी

आता मी दिवसातून सहा वेळा थोडे थोडे जेवतो. वार पाळीत नाही. पोट गुडगुडले की कमल स्वयंपाकघरातून विचारते, “आला का?” आणि मी “आला” म्हणतो. लोकांना हे पोरकट वाटेल. वाटू द्यावे.

रोग ओळखता आला नाही याबद्दल माझी तक्रार नाही. तो कठीण आहे आणि मी तो अधिक कठीण केला. त्या तरुण डॉक्टरांची सनद जावी, अशीही माझी इच्छा नाही. परंतु कागदावर ‘आवाज नाहीत’ असे खरे लिहिले गेले असते, तर ज्याने कोणी तो कागद वाचला असता त्याने मला जीपमध्ये बसू दिले नसते. गप्प होणे आणि मरणे यांच्या मधल्या तासांवर त्या नोंदीने पडदा टाकला. माझे दोन हात आतडे त्या पडद्याआड गेले. माझ्याजवळ म्हशी पाळणारा भाऊ होता. त्या रुग्णालयात आज जो रोगी दाखल आहे, त्याच्याजवळ असा भाऊ असेलच असे नाही. त्याच्याजवळ फक्त कागद असेल.

म्हणून रुग्णालयाच्या संचालकांस माझे जाहीर विचारणे आहे. खासगीत उत्तर नको, फळे नकोत, नात्याचा दाखला नको. नोंद करणाऱ्याच्या सहीनिशी लेखी उत्तर आपल्या प्रवेशद्वाराशी, जेथे रोगी नाव नोंदवितात तेथे, सर्वांना वाचता येईल अशा अक्षरात लावावे. प्रश्न एकच आहे आणि तो एका वाक्यात मावतो : सोमवारी सकाळी साडेअकरा वाजता, मी आपल्या दारातून बाहेर पडल्यानंतर तासाभराने, आपण कोणाच्या पोटातले आवाज ऐकले?